खुराड्यामागची पिवळी पिओनी

होर्नी ल्होटका, ५ मे २००९

प्रिय वेंदेलीन,

अक्षर ओळखलंस ना? मग हे पाकीट शेगडीत टाकण्याआधी एवढं एकच वाक्य वाच: आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे काल पिवळी पिओनी फुलली.

हं, आता टाक बघू.

सात वर्षं मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला लिहिली नाहीस. त्याबद्दल आज मी काही बोलणार नाही. फुलं पाच-सहा दिवसांची सोबती असतात, तेव्हा आधी कामाचं. मार्चच्या वादळात खुराड्यावर सावली धरून उभं असलेलं ते जुनं झाड मुळासकट आडवं झालं. कोंबड्या आम्ही दोन वर्षांपूर्वीच देऊन टाकल्या, आलोइसच्या गुडघ्यामुळे. त्या मागच्या कोपऱ्यात माणूसभर उंच खाजरं रान माजलं होतं, म्हणून काल विळा घेऊन शिरले, तर समोर चार रोपं आणि त्यातल्या दोघांवर एकेक फूल. पहिला हिरवा चारा खाल्लेल्या गाईचं लोणी निघतं ना, तो रंग. मी तिथेच त्या खाजऱ्या पानांत बसले. संध्याकाळपर्यंत पायांना फोड आले होते आणि मी आपली वेड्यासारखी हसत होते.

बी तुझंच. शहाण्णवच्या ऑक्टोबरात तू मला दिलेली पुडी, कॉकेशसच्या डोंगरातून तुझ्या त्या मित्रानं पाठवलेल्या बारा बिया, खडखडीत वाळलेल्या. अख्ख्या पंचक्रोशीत हे बी दुसऱ्या कुणाकडे नव्हतंच. आता ते खुराड्यामागे कसं गेलं म्हणशील, तर आलोइसनं ती कुंडी कधीतरी तिकडे उपडी केली असणार. तुला तो माहीत आहे, आवराआवरीचा झटका आला की त्याला जिवंत-मेलेलं कळत नाही.

मला तुझा शब्द हवाय. हीच ती, असं तू ओळखून लिहून दे. म्हणजे ऑक्टोबरात, बियांच्या अदलाबदलीच्या दिवशी, मी तो आपल्या बागकाम मंडळापुढे ठेवेन, आणि बियांच्या यादीत तुझ्या चौदा नंबरापुढे सात वर्षं जे ‘नावाची खात्री नाही’ छापलं जातंय ते निघेल. छापते मीच, माहीत आहे. ते निघावं आणि तू पुन्हा मंडळाला बी पाठवावंस, एवढंच माझं मागणं आहे.

फोटो जोडलाय. आलोइसनं काढलाय, म्हणून त्यात अंगठा जास्त आणि फूल कमी.

हेडविका


१४ मे २००९

प्रिय वेंदेलीन,

तुझं कार्ड मिळालं. ‘पान खालून कसं आहे? कोंब कोणत्या रंगाचे होते?’ सात वर्षांनी माणसाला लिहायचं तर हे. ना प्रिय, ना बरी आहेस का. मी ते कार्ड आलोइसला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, ‘निदान तुझं वजन तरी विचारलं नाही त्यानं.’

तर ऐक. पान गोलसर, वरून निळसर हिरवं, खालून फिकट, देठ लालसर. कोंब मी पाहिलेच नाहीत, रानाखाली होते. पण मुळाशी मागच्या वर्षीच्या कोंबांची सालं आहेत ती जांभळट आहेत. फूल वाटीसारखं, आत पिवळे पुंकेसर, मध्ये गुलाबी तुरा. आता बोल.

फुलं उमलली त्याच दिवशी मी एकीचे पराग दुसरीवर आणि दुसरीचे पहिलीवर लावले, आलोइसच्या दाढीच्या ब्रशनं. (तो अजून शोधतोय.) मग जुन्या पडद्याच्या जाळीच्या दोन पिशव्या शिवून फुलांवर बांधल्या, म्हणजे मधमाश्या बागेतल्या साध्या पिओनींचं काही आणून त्यात मिसळायला नकोत. तुझ्याकडूनच शिकले हे. परवा थंडीच्या संतांचे, मेमध्ये दर वर्षी पुन्हा गारठा आणणारे, दिवस सुरू झाले आणि पहाटे गवत पांढरं झालं. तोवर पाकळ्या गळून गेल्या होत्या, पण शेंगा धरत होत्या. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होताना मिळालेलं पन्नास लिटरचं पातेलं त्यांच्यावर पालथं घातलं. तीस वर्षं त्यात पोरांसाठी सूप केलं, पण इतकं मोलाचं काही त्यात कधी शिजलं नव्हतं.

आता एक गोष्ट. तुला लिहिलेलं पहिलं पत्र मी पोस्टात टाकण्याआधी आलोइसला वाचून दाखवलं नव्हतं. त्याची कच्ची प्रत काल त्याच्या हाती लागली. त्यानं चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाला, ‘मी कुंडी उपडी केली? एकोणचाळीस वर्षं झाली लग्नाला, तुझ्या एका कुंडीला हात लावायची माझी छाती झाली आहे का?’

खरं आहे त्याचं. कुंडी मी उपडी केली.

सत्त्याण्णवच्या एप्रिलमध्ये. सहा महिने कुंडीत काही हललं नाही. नवीन माणूस मंडळात आला की मीच त्याला सांगायची, पिओनीची कुंडी तीन वर्षं टाकायची नाही, ती पहिल्या हिवाळ्यात खाली मूळ सोडते आणि दुसऱ्या हिवाळ्यानंतर वर पान काढते, वरून मेलेली दिसली तरी आत जिवंत असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझ्या रांगेत तीच एक कुंडी रिकामी होती आणि मला ती बघवेना. खुराड्यामागे नेऊन झटकली. वाळलेल्या बिया पुन्हा पाण्यात भिजवायच्या असतात हेही मी विसरले होते, म्हणून वाटलं, मेल्या.

आलोइसनं सांगितलंय, त्याचं नाव निर्दोष झाल्याचं तुला स्पष्ट लिहायचं. लिहिलं.

हेडविका


७ जून २००९

प्रिय वेंदेलीन,

तीन आठवडे झाले, तुझं काही नाही. पान पसंत पडलं नाही की मी? कुंडी झटकल्याबद्दल रागावला असशील तर राग. पण मला वाटतं तू गप्प आहेस कारण तुला हिशेब जुळत नाहीये. कुंडी सत्त्याण्णवमध्ये खुराड्यामागे गेली, मग दोन हजार दोनमध्ये तुझ्या नावाच्या पाटीखाली, माझ्या वाफ्यात, ती गुलाबी फुलं कुठून आली?

सांगते. हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय, आणि या वेळी मध्येच ताटं घासायला उठणार नाही.

ज्या आठवड्यात कुंडी झटकली त्याच्या पुढच्या रविवारी मंडळ माझी रोपं बघायला येणार होतं. तुला आठवतं ना, नासपतीचा फ्रगाल भाजला होता मी, गाडीच्या चाकाएवढा गोड केक. सगळ्यांना माहीत होतं की वेंदेलीननं हेडविकाला कॉकेशसचं बी दिलंय. सगळे आधी तीच कुंडी विचारणार. मी काय दाखवू? शेजारी एक कुंडी होती, दोन वर्षांपूर्वी माझ्याच बागेतल्या पिओनींचं बी पेरलेली, तिच्यात दोन टवटवीत कोंब आले होते. मी तुझी पाटी उचलून तिच्यात खोचली. एका रविवारपुरती. लोक गेले की परत काढणार होते.

पण लोक वाहवा करून गेले आणि मी काढली नाही. मग पावसाळी दिवस आले, मग मी ती रोपं वाफ्यात लावली, पाटीसकट. पुढच्या वर्षी ती पाटी वाचून मलाच आनंद व्हायला लागला. माणूस स्वतःशी किती सहज खोटं बोलतो बघ, आणि तेही स्वतःच्या अक्षरात!

दोन हजार दोनच्या मे महिन्यात ती फुलली, ढळढळीत गुलाबी, गावातल्या प्रत्येक कुंपणावर असते तशी. मी संतापले. मंडळात उभी राहिले आणि चाळीस माणसांसमोर म्हणाले की चौदा नंबर काहीही बी कुठल्याही नावानं खपवतो, आणि यादी माझ्या हातात आहे तोवर हे चालणार नाही. तू उठलास, टोपी घेतलीस आणि गेलास. शरद ऋतूत तर लेकीकडे खेबला, देशाच्या दुसऱ्या टोकाला.

बोलताना मी खरंच विसरले होते, वेंदेलीन. याची शपथ घेते. पण घरी येताना पुलावर मला आठवलं. पुलाच्या मध्यावर. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मग घरी जाऊन बटाटे सोलले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग पुढच्या सभेत, मग तू गेलास, आणि मग सांगायला माणूसच उरलं नाही असं मी म्हणायला लागले. सात वर्षं दर वर्षी यादी टाइप करताना तुझ्या नंबरापर्यंत आले की मी उठून चहा करायची. तरी ते तीन शब्द छापायचीच.

आपल्याकडे बी दिल्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही, मानले तर उगवत नाही म्हणतात. ते मी पाळलं. पण माफी मागू नये असं कुठे म्हटलेलं नाही. मी मागते आहे. मी तुझं नाव खराब केलं, आणि जाणूनबुजून तसंच ठेवलं.

हेडविका


२३ ऑगस्ट २००९

प्रिय वेंदेलीन,

चार पानी पत्र! मी ते खुराड्यामागे जाऊन वाचलं, उभ्यानं, आणि तिसऱ्या पानावर मला बसावं लागलं.

म्हणजे तुला माहीत होतं. त्या रविवारीच माहीत होतं. ‘ऑक्टोबरात दिलेलं वाळकं बी एप्रिलमध्ये पान काढत नाही, हेडविका, तुझ्या फ्रगालसाठीसुद्धा नाही,’ असं लिहिलंयस. आणि मी डोळ्यांसमोर तुला बघतेय, हातात बशी, कुंडीवर वाकलेला, आणि ‘छान आलीत’ म्हणून पुढच्या कुंडीकडे गेलेला. बाकीच्यांना वाटलं बी बरंच आधी पेरलेलं असेल. कधी दिलं ते तुझ्या-माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा मला राग आला तुझा. खरंच सांगते. त्या सभेत एक वाक्य बोलला असतास तर मी जागच्या जागी तोंडावर पडले असते आणि सगळं तिथेच मिटलं असतं. बारा वर्षं हुकमाचं पान खिशात ठेवून हा माणूस फिरतोय! आलोइसला म्हटलं तर तो म्हणाला, ‘तुझी अब्रू राखली त्यानं, आणि तू त्याच्यावरच ओरडतेस.’ मग मी चौथं पान वाचलं.

ते मी आता पाठ म्हणू शकते. ‘आधी मला वाटलं, तूच सांगशील, म्हणून आठवडाभर थांबलो. मग वाटलं, तू सांगेपर्यंत थांबायचं. मग मला अन्याय झाल्याचं सुख लागलं, हेडविका. ते फार ऊबदार असतं. लेकीला, जावयाला, नातवंडांना सगळ्यांना सांगायचो की माझ्यावर अन्याय झालाय, फक्त काय झालाय ते सांगायचो नाही. आणि बी पेरायचं सोडून दिलं, म्हणजे अन्याय पुरा दिसावा.’

दोन गाढवं आपण, वेंदेलीन. मी रडले आणि मग इतकी हसले की आलोइस काठी टेकत बघायला आला.

आता बातमी ऐक. काल शेंगा तडकल्या! आतून लालभडक, आणि त्यात लाल दाणे आणि निळे-काळे दाणे शेजारी शेजारी. आलोइस म्हणाला, लाल किती सुंदर आहेत, तेच वाट. मी म्हटलं, ते पोकळ आहेत, नुसते नटवे, पाखरांना भुलवायला, काळेच खरे. तो म्हणाला, मंडळातही तसंच आहे. काळे एकतीस निघाले. ओल्या वाळूत, डबीत, खाली तळघरात ठेवलेत, एकही वाळू देणार नाही.

तुझा शब्द मिळाला, ‘हीच ती, शंका नाही’. पण मंडळापुढे मी तुझा कागद वाचणार नाही. तो वाचून मोकळं होणं फार सोपं आहे.

हेडविका


१८ ऑक्टोबर २००९

प्रिय वेंदेलीन,

काल बियांचा दिवस झाला. माझ्या नावाच्या संतिणीचा सणही कालच, शनिवारी, आला होता आणि तुझ्या नावाच्या संताचा परवा मंगळवारी आहे, म्हणून दोन्हींच्या मध्ये बसून लिहिते आहे. सणाच्या शुभेच्छा आधीच घे.

खानावळीचा मागचा हॉल, तीच लांब टेबलं, तोच बिअरचा आणि ओल्या कोटांचा वास. पुड्या अक्षरांप्रमाणे मांडून झाल्या. अध्यक्ष मातौश घंटी वाजवून म्हणाले, बियांच्या सचिवांना दोन शब्द बोलायचेत. मला वाटतं त्यांना वाटलं मी पुड्या नीट चिकटवा म्हणून ओरडणार.

मी सगळं सांगितलं. कुंडी, पाटी, रविवार, सभा, पूल, सात याद्या. आवाज शाबूत होता, तीस वर्षं तीनशे पोरांवर ओरडलेला आवाज आहे तो. फक्त तुला त्या रविवारीच कळलं होतं हे नाही सांगितलं. ते तुझं आहे, सांगायचं तर तू सांग. शेवटी म्हणाले की सचिवपद सोडते, ज्यानं एक पाटी खोटी लावली त्याच्या हाती याद्या नकोत.

मातौश घंटीकडे बघत राहिले. मग म्हातारी येनोव्हेफा, नव्वदीची, पहिल्या रांगेत कानाला हात लावून बसलेली, उठली. तिनं मला विचारलं, ‘ती जी तू मला अठ्ठ्याण्णव साली दिलीस, डोंगरातली निळी जेंशियन म्हणून, ती खरी का?’

मी म्हटलं खरी.

‘बरं. कारण मी तुला जी दिली ती नव्हती. माझी मेली होती, मी बाजारातून आणून दिली.’

त्यानंतर, वेंदेलीन, काय सांगू. एकेक जण उठायला लागला. कुणी दुसऱ्याच्या बागेतून खिशात शेंग घातली होती, कुणी पुडीत निम्मी माती भरली होती, कुणी ‘हरवलं’ म्हणून सांगितलेलं रोप गेली वीस वर्षं गॅरेजमागे लपवून ठेवलं होतं, मागायला कुणी येऊ नये म्हणून. चर्चमध्ये एवढ्या कबुल्या होत नाहीत. मातौशनी शेवटी स्लिवोवित्से, आपली आलुबुखाराची दारू, मागवली आणि स्वतःचीही एक सांगितली, ती मी पत्रात लिहिणार नाही. माझा राजीनामा मतास टाकला. चाळीसपैकी एकानंही हात वर केला नाही. आलोइसनं केला होता, पण तो सभासद नाही.

यादी दुरुस्त झाली. चौदा नंबर, आणि पुढे काही नाही. नुसतं वेंदेलीन श्ट्यास्नी, खेब.

पिवळीचं बी मी तीन-तीनच्या दहा पुड्यांत घातलं होतं. प्रत्येकीवर देणाऱ्याचा नंबर चौदा. माझा नाही, कारण मी काय केलं, फक्त झटकलं. घंटी वाजल्यावर टेबलाकडे जी झुंबड उडाली ती बघायला तू हवा होतास. एक मिनिटात दहाही गेल्या. आता पुढच्या वसंतात दहा घरांत दहा रिकाम्या कुंड्या असतील आणि दहा माणसं फोन करून मला विचारतील, काही येत का नाही. मी काय सांगणार ते तुला माहीत आहे.

एकतिसावा दाणा या पाकिटात आहे, ओल्या शेवाळात गुंडाळलेला. आभार मानू नकोस.

हेडविका


४ मे २०१०, दारावर चिकटवलेली चिठ्ठी

वेंदेलीन,

ही चिठ्ठी तू वाचतो आहेस म्हणजे तू नेहमीप्रमाणे एक थांबा आधी उतरून मागच्या वाटेनं आलास, आणि मी बस थांब्यावर तुझी वाट बघत उभी आहे. आलोइस आत आहे. तो तुला गुडघ्याबद्दल सांगेल, सांगू दे, पण बसू नकोस. बॅग ओट्यावर ठेव.

आज सकाळी उमलली. या वर्षी सात फुलं आहेत. मी ठरवलं होतं की तुला हाताला धरून तिकडे नेईन, आधी डोळे मिटायला लावीन आणि तुझं तोंड बघेन. रात्रभर तेच ठरवत होते. सकाळी कॉफी पिताना वाटलं, नको. तेरा वर्षांपूर्वी त्या रविवारी तू माझ्या अंगणात वाकून एका कुंडीत बघितलंस, आणि तिथे तुला हे दिसायला हवं होतं. चाळीस माणसं शेजारी बडबडत नसताना, आणि मी तर नसतानाच.

तेव्हा मी येईपर्यंत थांबू नकोस. घराला वळसा घाल, खुराड्याच्या डावीकडून जा, उजवीकडे चिखल आहे. तिथे मी एक स्टूल ठेवलंय. एकच ठेवलंय.

बस साडेदहाची आहे. ती गेल्यावरही मी अर्धा तास थांब्यावरच बसणार आहे.

हेडविका